लोणच्याची बरणी आणि नानांचा अंगठा

पायाच्या अंगठ्याचं नख मांसात रुतलं की माणूस आधी चपलेला शिव्या देतो, मग नशिबाला. माझ्याकडे येईपर्यंत त्याच्या शिव्या संपलेल्या असतात. तिथून पुढे मी सुरू करते.

आपल्या मराठी मंडळाच्या या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, "अक्का, पायांसाठी घरगुती उपाय लिहा. दोन पानं. गोड भाषेत." मी पाच पानं मागितली. चारावर तुटलं. भाषेच्या बाबतीत मात्र मी एक इंचही हटले नाही, तेव्हा ज्यांना गोड हवं असेल त्यांनी फराळाच्या ताटाकडे वळावं.

मी निपाणीजवळच्या एका खेड्यातली. दहावीत गणितानं पाडलं आणि लग्नानं बेंगळूरला आणलं. शिवाजीनगरच्या एका सर्जनच्या दवाखान्यात आधी फरशी पुसली, मग पट्ट्या गुंडाळल्या, मग पट्ट्या बांधल्या. एकोणीस वर्षं. सर्जन भला माणूस होता, पण पायाच्या जखमा त्याला कंटाळवाण्या वाटायच्या. त्या सगळ्या माझ्याकडे. लोकांचे चेहरे मला आठवत नाहीत, अंगठे आठवतात. दवाखान्यातले दिवस संपले तेव्हा पायांच्या निगेचा एक कोर्स केला, प्रमाणपत्र काचेत घातलं आणि चामराजपेटेत एक खोली भाड्यानं घेतली.

खुर्ची शिवाजीनगरच्या जुन्या सामानाच्या गल्लीतून आणली. एका दंतवैद्याची होती, मागे कलणारी, पाय लांब करता येणारी. दुकानदार म्हणाला, "अम्मा, विलायती माल है." मी त्या खुर्चीत बसले आणि किंमत मान्य होईपर्यंत उठणार नाही असं सांगितलं. दोन तास मी आरामात बसलेली आणि तो उभा. शेवटी दमला बिचारा. हमालीसुद्धा त्यानंच दिली.

या खोलीला दोन दारं आहेत. पुढचं रस्त्यावर, काचेचं, वर पाटी. मागचं एका बोळात, लाकडी, रंग उडालेलं. माझी आयुष्यभराची तक्रार या मागच्या दाराबद्दल आहे. दात दुखला की लोक गालाला रुमाल बांधून भर रस्त्यानं दंतवैद्याकडे जातात. डोळ्याचं ऑपरेशन झालं की काळा चष्मा लावून लग्नात मिरवतात. पण पायाच्या नखासाठी माझ्याकडे यायचं तर प्रतिष्ठित माणसाला मागचं दार लागतं. एवढं पाप तरी काय आहे त्या अंगठ्यात?

आता धंद्यातली गोष्ट सांगते, फुकट.

नख मूळचं सरळमार्गी असतं. त्याला सरळ पुढे जायचं असतं. आपण काय करतो, हाताच्या नखासारखे पायाच्या नखाचेही कोपरे गोल कापतो. खोल, अगदी मांसापर्यंत. कोपऱ्यात एक बारीक टोक राहतं, कुसळासारखं. नख वाढतं तसं ते टोक बाजूच्या मांसात घुसतं. दुखतं म्हणून माणूस आणखी खोल कोरतो, मग ते आणखी आत घुसतं. त्यात वरून बूट घट्ट. म्हणून नख सरळ कापायचं, बोटाच्या टोकाच्या रेषेत. कोपरे बाहेर दिसले पाहिजेत. बोचत असतील तर कानशीनं हलकेच घासायचे. नुसतं रुतू लागलं असेल तर दिवसातून दोनतीनदा कोमट पाण्यात पाय बुडवायचा, मऊ झालं की कोपरा किंचित उचलून त्याखाली स्वच्छ कापसाची बारीक वात सरकवायची, रोज बदलायची आणि वाट बघायची. वाट बघणं हेच खरं औषध. पण पू झाला असेल, लाली पसरत असेल, ताप असेल, किंवा साखरेचा आजार असेल तर घरात काहीही करायचं नाही, माझ्याकडेही यायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हे शेवटचं वाक्य संपादकांनी ठळक अक्षरांत छापावं असं मी लिहून घेतलं आहे.

बूट म्हटले की मला महादेवपुऱ्याचा एक पोरगा आठवतो. पुण्याहून आलेला, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा. दोन्ही अंगठे सुजलेले आणि पायात उगवत्या सूर्याच्या रंगाचे धावायचे बूट.

"मॅडम, अ‍ॅक्च्युअली मला पर्मनंट सोल्यूशन हवंय. आणि दहा मिनिटांत माझा कॉल आहे."

"बूट कितीचे?"

त्यानं आकडा सांगितला. मी खुर्चीचा दांडा धरला.

"सेलमध्ये होते," तो म्हणाला. "सत्तर टक्के ऑफ. फक्त माझा साइज नव्हता. एक नंबर लहान घेतला. म्हटलं, सैल होतील वापरून."

मी सौदा करणारी बाई आहे. सत्तर टक्के म्हटल्यावर माझंही काळीज हललं. पण आपल्या पायाच्या मापात घासाघीस करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. त्याचे पाय पाण्यात घातले, तोवर त्याचा कॉल सुरू झाला. मांडीवर लॅपटॉप, कानात ते पांढरं, खाली माझी बादली. मी कोपरा उचलते म्हणून खूण केली. त्यानं मान हलवली. नेमकं त्याच वेळी पलीकडून साहेबानं त्याला विचारलं की काम शुक्रवारपर्यंत होईल का, आणि उत्तर द्यायला यानं माइक चालू केला.

"आई गंऽऽ! नाही! नाही! सोडा!"

पलीकडून साहेब हळूच म्हणाला, "ओके, ओके, टेक वन मोर वीक." पोरगा माझ्याकडे बघत राहिला. पुढच्या महिन्यात त्याच्या कंपनीतली चार पोरं आली. त्यांच्यातल्या एकाची नखं तर उत्तम होती. पण ही पोरं पुढच्या दारानं येत, भाव विचारत आणि जाताना पाटीसमोर फोटो काढत. म्हणून मला ती आवडतात.

मागच्या दाराचे राजे म्हणजे आमचे नाना. नाना आपल्या मंडळाचे अध्यक्ष, तीन पिढ्या चामराजपेटेत, तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान. माझ्या मागच्या बोळातच त्यांच्या दुकानाचं गोदाम उघडतं. ही सगळी माहिती तुम्हाला आहेच. पुढची नाही.

काही वर्षांपूर्वी मंडळानं स्वकष्टानं उभ्या राहिलेल्या माणसांचा सत्कार ठरवला. यादीत माझं नाव होतं. नानांनी ते खोडलं. "नखवालीला शाल? मग शाली पुरायच्या नाहीत," असं ते भर बैठकीत म्हणाले आणि सगळे हसले. ज्यांनी हसून मला ही बातमी आणून दिली त्यांच्यातल्या दोघांच्या टाचा मी गुळगुळीत केलेल्या होत्या.

त्याच महिन्यात मागचं दार वाजलं. दारात नाना. हातात लोणच्याची रिकामी बरणी.

"कुणी विचारलं तर लोणचं न्यायला आलोय," ते कुजबुजले. "अंगठा दुखतोय."

मला त्यांना हाकलता आलं असतं. पण अंगठा बघितला आणि धंदा आठवला. सुरुवातच होती. वात घातली, कोपरा मोकळा केला. जाताना बरणी रिकामी कशी न्यायची, म्हणून त्यांनी माझ्या लिंबाच्या लोणच्याकडे बोट दाखवलं. मी बरणी भरली आणि लोणच्याचे वेगळे लावले.

"बाई, हे जास्त होतंय."

"मग पुढच्या दारानं या. तिथे लोणचं लागत नाही."

नानांनी निमूट दिले. पुढे दर तीनचार आठवड्यांनी हेच. बरणी घेऊन येणार, भरून नेणार. साखर आहे का, म्हणून मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "छे! आमच्या घराण्यात नाही," म्हणाले.

त्यांचं नख पुन्हापुन्हा का रुततं हे मला काही केल्या कळेना. बूट ते घालतच नाहीत, पायात पुढून उघडी चप्पल. शेवटी मी विचारलं, "नखं कापता कधी?"

तेव्हा उलगडलं. शनिवारी कापायची नाहीत. मंगळवारी नाहीत. सोमवार त्यांचा जन्मवार, गुरुवार मुलाचा, दोन्ही बाद. शुक्रवारी लक्ष्मी. दिवेलागणीनंतर कधीच नाहीत. एकादशी, अमावस्या, संकष्टी नाही. रविवारी दुकानाचा हिशेबनीस येतो. राहिला बुधवार, आणि त्यात सणवार आला की तोही गेला. त्यामुळे महिन्यातून एकदा कधीतरी नेलकटर हातात आलं की नाना पुढच्या महिन्याची तरतूद करून ठेवायचे. मुळापर्यंत कापायचे, कोपरे कोरून काढायचे. पुन्हा कधी मुहूर्त मिळेल कोण जाणे! आमच्या कितीतरी घरांत हेच चालतं. परगावच्या डॉक्टरला हे कारण सात जन्मांत सापडणार नाही.

"पंधरा दिवसांनी एकदा, बुधवारी, सरळ," मी सांगितलं.

"बुधवारी एकादशी आली तर?"

"तर गुरुवारी."

"मुलाचा जन्मवार."

"मुलगा पन्नाशीचा आहे, नाना. सांभाळेल स्वतःला."

नाना रागावून निघून गेले. बरणी मात्र नेली.

इथे एक दुसरी गोष्ट सांगायला हवी, जी मला सांगायला आवडत नाही. मुनियप्पा नावाचा ऑटोवाला माझ्याकडे यायचा. एकदा आला तो अंगठ्याला चिंधी बांधून. सोडून बघते तर आत हळद आणि चुना थापलेला. मी भडकले. "अंगठ्याला विडा खायला घालतोयस काय रे? अक्कल कुठे गहाण टाकलीस?" दोन बायका बाकावर बसल्या होत्या, त्या फिदीफिदी हसल्या. मुनियप्पाचं तोंड उतरलं. "सरी अक्का," म्हणाला आणि चिंधी हातात घेऊन निघाला. त्याला थांबवायला हवं होतं. साखर आहे का, विचारायला हवं होतं. पण एकीचे पाय पाण्यात होते आणि माझा राग अजून उतरला नव्हता. जाऊ दे, येईल परत, म्हटलं.

परत आला तो दीड महिन्यानं. साखर होती त्याला, माहीत असून लपवलेली. नंतर लाजेनं तो कुणाकडेच गेला नाही. अंगठा काढावा लागला होता. खुर्चीत बसून पाय पुढे केला आणि मला म्हणाला, "अक्का, आता नऊच बोटं आहेत. स्वल्प कमी करा की."

आयुष्यात पहिल्यांदा मला घासाघीस करता आली नाही. त्याच्याकडून मी आजवर काही घेतलेलं नाही आणि हे त्याला आवडत नाही. तो मला बाजारातून फुकट घरी सोडतो, हे मला आवडत नाही.

तर गेल्या वर्षी गणपतीच्या चार दिवस आधी मागचं दार वाजलं. नाना. बरणी होती, पण चाल वेगळी होती. पाय टेकवत नव्हते. श्रावणात आणि सणांच्या गडबडीत मुहूर्त मिळणार नाही म्हणून त्यांनी नखं आधीच दोन महिन्यांच्या हिशेबानं कोरून काढली होती. अंगठा टोमॅटोसारखा झाला होता, बाजूनं पू, आणि लाली बोटाच्या मुळापर्यंत.

"नाना, खरं सांगा. साखर आहे?"

ते छताकडे बघू लागले. "थोडी. गोळी आहे सकाळची. आमच्या हिलाही सांगितलेलं नाही, गोड बंद करेल."

"हे माझं काम नाही. आत्ता सर्जनकडे जायचं."

"वेड लागलंय? चार दिवसांनी गणपती आणायचाय. अनवाणी, डोक्यावर. दरवर्षी मीच आणतो. दवाखान्यात गेलो तर गावभर होईल. तू कापून टाक इथेच."

"मी कापणार नाही."

"नखवाली ना तू? मग नख काप!"

झालं. ती शाल, ते हसणं, दोन वर्षांचं लोणचं, सगळं एकदम डोक्यात गेलं. मी म्हटलं, "नखवाली तर नखवाली. पुढच्या दारानं या, पाटी वाचा, बाकावर चार लोकांत बसा, मग तुमच्या पायाला हात लावीन. सर्जनच्या नावची चिठ्ठीसुद्धा तेव्हाच देईन. तोवर हे दार बंद."

नाना उठले. लंगडत बोळातून गेले. मी कडी लावली. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

ते बरं वाटणं पाव तास टिकलं. मग पुढच्या दारानं मुनियप्पा आला, त्याचा ठरलेला दिवस होता. चप्पल काढून त्यानं पाय खुर्चीवर ठेवला. मी त्या पायाकडे बघत बसले. जिथे अंगठा असायचा तिथली गुळगुळीत जागा. टेबलावर नाना विसरून गेलेली बरणी.

"अक्का, काय झालं?"

"ऑटो बाहेर आहे? चल," मी म्हटलं.

नानांचं दुकान रस्त्यानं गेलं तर वळसा पडतो. मी बरणी घेतली आणि ऑटोतून दुकानासमोर उतरले. सणाचे दिवस, दुकान भरलेलं. समया, ताम्हणं, तांबे. गल्ल्यावर नाना, शेजारी त्यांच्या पत्नी, आमच्या काकू.

"नाना, उठा. जायचंय," मी म्हटलं.

काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही, बरणीकडे बघितलं.

"आलीस?" काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका शांत होता की एक गिऱ्हाईक हातातला तांब्या खाली ठेवून मागे सरकलं. "दोन वर्षं हिच्या बोळात जातायत बरणी घेऊन. माझ्या लोणच्याला हात लावत नाहीत. मी गप्प बसले. आता भर दुकानात न्यायला आलीस? असं काय घालतेस गं तू त्या लिंबात?"

"काकू, तसं नाही..."

"मग कसं? सांग की! चाळीस वर्षं मी लोणचं घालतेय, बेळगावपासून माणसं मागून नेतात!"

मी नानांकडे बघितलं. मी एक शब्द बोलले नाही, हे इथे नोंदवून ठेवते. त्यांचं गुपित होतं. नानांचा चेहरा लाल, पांढरा, पुन्हा लाल. एका बाजूला अध्यक्षपद, दुसऱ्या बाजूला काकू. मग त्यांनी खुर्चीचा आधार घेतला, धोतर सावरलं आणि उजवा पाय उचलून सरळ गल्ल्यावर ठेवला. एका बाजूला समई, दुसऱ्या बाजूला पूजेचा तांब्या, मधे अंगठा.

"हे बघ! लोणचं नाही, नख! नखासाठी जातो! आणि साखरही आहे मला, घे!"

"अगं बाई!" काकू म्हणाल्या. मग अंगठा नीट बघितला आणि त्यांचा सूर पालटला. "अहो, हे काय करून घेतलंत!"

समई घ्यायला आलेली बाई म्हणाली, "माझ्या दिरालाही असंच झालं होतं." लगेच दुसरं गिऱ्हाईक म्हणालं, "मला आत्ता आहे," आणि वाकून चप्पल काढू लागलं.

मुनियप्पानं नानांना धरून ऑटोत बसवलं. त्यांनी कुरकुर सुरू केली, की दोन दिवस थांबू, गणपती होऊ दे. मुनियप्पानं ऑटोच्या पुढच्या दांड्यावर आपला डावा पाय ठेवला आणि चप्पल काढली. नानांनी एकदा बघितलं. मग स्वतःच म्हणाले, "चल, लवकर."

सर्जननं जागा बधिर करून नखाची एक कड काढली, औषधं दिली, साखरेवर काकूंना नेमलं. आणखी उशीर केला असता तर गोष्ट बोटावर गेली असती, असं म्हणाला. मी त्या वेळी भिंतीवरचा तक्ता वाचत होते.

गणपती नानांच्या मुलानं आणला. नाना मागून मुनियप्पाच्या ऑटोत, पाय पुढच्या दांड्यावर, पांढरीशुभ्र पट्टी. वाटेत जो भेटेल तो विचारायचा आणि नाना प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचे, पुवासकट. प्रसाद घेऊन उभ्या असलेल्या लोकांनासुद्धा.

शाल? नाही आली. तो विषय निघाला की नाना मोदकाकडे बघतात. माझी तक्रार कायम आहे आणि ती इथे छापून यावी म्हणूनच मी पाच पानं मागितली होती. मागच्या दाराला मात्र मी आता कपाट लावलंय.

पट्टी निघून काढलेली कड पुन्हा वाढली, तेव्हा एका बुधवारी, भर सकाळी दहा वाजता, पुढचं काचेचं दार उघडलं. नाना. हातात बरणी नाही. रस्त्यापलीकडचा पानवाला बघत होता, बसथांब्यावरची रांग बघत होती. नानांनी पाटी वाचली, चप्पल काढली आणि बाकावर मुनियप्पा आणि महादेवपुऱ्याच्या एका पोराच्या मधे बसले. त्यांचं नख मी लांबूनच बघितलं. सरळ कापलेलं होतं, कोपरे बाहेर.

"अक्का," ते म्हणाले. नखवाली नाही, बाई नाही. "स्वल्प लवकर होईल का? दुकान उघडायचंय."

"रांग आहे, नाना."

पाच मिनिटांचं काम होतं. मी त्यांना पाऊण तास तिथेच बसवून ठेवलं, काचेसमोर.